चौऱ्याऐंशी रेघा

बातमी आली तेव्हा पेंटर एका गाडीच्या दारावर पाणी मारून पॉलिश पेपर घासत होता. फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी खिळ्याला, आणि शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता; सहा वेळा वाजला तरी त्याला पत्ता नाही. सातव्यांदा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरचा फोन वाजला. डेंटर म्हणजे गॅरेजमधला सगळ्यात तोंडाळ माणूस. त्याने फोन ऐकला, कॉम्प्रेसर बंद केला आणि पिशवी खिळ्यावरून काढून पेंटरच्या हातात दिली.

“हॉस्पिटलला जा,” डेंटर म्हणाला. “वहिनी कामावर पडल्या.”

“पडल्या म्हणजे? घसरून?”

“तू जा तर.”

पेंटरची बायको, चिमीची आई, तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, सुटलेला टाका किंवा तेलाचा डाग हुडकायचा आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावायची, हे तिचं काम. त्या दिवशी अकराच्या सुमारास डोकं दुखतंय म्हणून तिने ते टेबलावर टेकलं, ते उचललंच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. पेंटर पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं. त्याच्या कोपराला मास्किंगची टेप चिकटलेली होती आणि नखांत पोचे भरायची राखाडी पुट्टी होती.

लेक त्याच्या आधी पोचली होती. अठरा वर्षांची चिमी कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभी होती. आईने सकाळी कामावर जाताना तिला उन्हाचं क्रीम लावायला लावलं होतं. रडून रडून ते विरघळलं होतं आणि गालांवरून पांढरे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. त्यातून लाल फोड वर आलेले. तेवढ्यात पेंटरची थोरली बहीण आली. आत्याचं पहिलं वाक्य असं : “अगं, आधी तोंड धू. काय हा अवतार! माणसं यायला लागलीत.”

चिमी गेली आणि हॉस्पिटलच्या हात धुवायच्या साबणाने खसाखसा तोंड धुऊन आली. आई असती तर ओरडली असती.

चिमीचा चेहरा हे त्या घरातलं गेल्या वर्षभराचं मोठं काम होतं, आणि ते काम आईचं होतं. पेंटरला त्यातलं एवढंच माहीत होतं की बाथरूममध्ये त्याचा साबण एकीकडे आणि पोरीची बाटली दुसरीकडे असते, आणि पोरीच्या टॉवेलाला हात पुसला की बोलणी बसतात. बारावी झाली तेव्हा चिमीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फोड उठले होते. साधे पुरळ नव्हते. आत गाठ असलेले, दुखणारे. आत्याने दहा उपाय सांगितले. त्यातले दोन चिमीने चोरून केले आणि तोंड भाजून घेतलं. मग आईने अर्धी रजा टाकली आणि तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद लिहून दिला. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं. पुसायचं नाही, टिपायचं. रात्री वाटाण्याएवढं मलम, नुसत्या फोडांवर नाही, सगळ्या चेहऱ्याला. त्यावर साधं ओलावा धरणारं क्रीम. दिवसा उन्हाचं. नखं लावायची नाहीत. पहिले काही आठवडे चेहरा आणखी बिघडल्यासारखा वाटेल, घाबरून थांबायचं नाही. बारा आठवड्यांनी मला दाखवायचं.

आईने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि त्याच्याखाली पेन्सिलीने रोज रात्री एक रेघ ओढायला सुरुवात केली. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी रेघा. हा हिशेब तिने उगाच केला नव्हता. चिमीला चष्म्याच्या दुकानात शिकाऊ म्हणून घेतलं होतं आणि कामावर रुजू व्हायची तारीख बरोबर पंच्याऐंशीव्या दिवशी येत होती. चष्मा बसवणाऱ्याला गिऱ्हाईकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उभं राहावं लागतं. कान, नाक, काडी, काच. गिऱ्हाईकाला तेव्हा दुसरीकडे बघायला जागा नसते. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतं. चिमी म्हणायची, “मी नाही जायची. लोक चष्मा लावतील आणि त्यांना पहिली मी दिसेन.”

“चौऱ्याऐंशी रेघा होईपर्यंत आरशाशी भांडायचं नाही,” आई म्हणायची. “त्याच्यानंतर तू आणि आरसा, काय ते बघून घ्या.”

मग दोघी हसायच्या. पेंटर बाहेर बातम्या बघत बसायचा. त्या आत काय बोलतात हे त्याने कधी विचारलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या रात्री सदतिसावी रेघ पडली होती.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण आधी पेंटरच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मग चिमीचा चेहरा हातात धरून तिला जवळ घ्यायचा. कुणाच्या हाताला तेल, कुणाच्या हाताला प्रवासाची धूळ. मलमाची ट्यूब कपाटात पडून राहिली. चिमी खोलीत पडून असायची आणि तिचं बोट सतत हनुवटीवर काहीतरी शोधत असायचं. सापडलं की नख. आत्या जाता जाता म्हणाली, “आईच्या वळणावर गेलीय बघ. तिचाही गाल असाच खाल्लेला होता. आता लग्नाचं जमवताना जीव जाईल तुझा.”

“आता तो विषय आहे का, ताई?” पेंटर म्हणाला.

“मी आपलं खरं बोलते. गोड बोलणारे पुष्कळ आलेत.”

चिमी दारातच होती.

ते खरंच होतं, चिमीच्या आईच्या दोन्ही गालांवर खड्डे होते. तरुणपणी उठलेल्या फोडांचे. त्या काळी तिला कुणी डॉक्टरीणबाईंकडे नेलं नव्हतं. पेंटरला त्या खड्ड्यांचं काही वाटत नव्हतं, असं पेंटरला वाटत होतं.

रुजू व्हायला पंधरा दिवस राहिले तेव्हा चिमीने जाहीर केलं की दुकानात नाही म्हणून कळवून टाकते. पेंटरने तेव्हा कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट बघितलं. बघितलं ते पेंटरसारखंच. कुठे उंच आहे, कुठे खोल आहे, किती काम निघेल. आणि त्याला वाटलं, अरे, आपलं तर आयुष्य यातच गेलं. ठोकलेली, पोचे पडलेली, गंजलेली गाडी घ्यायची आणि अशी करून द्यायची की मालकाला कुठे ठोकली होती ते बोट ठेवून सांगता येऊ नये. गॅरेजात त्याची ख्याती होती. डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा पोचा सांगायचा. हे तर एवढंसं तोंड.

त्याने बाजारातून खरखरीत दाण्यांचं स्क्रब आणलं.

“बाबा, घासायचं नाही म्हणून लिहिलंय कागदावर.”

“घासल्याशिवाय कधी काय गुळगुळीत झालंय? पाच मिनिटं घास. मी उभा राहतो.”

तो दारात उभा राहिला. चिमीने घासलं. दुसऱ्या दिवशी तोंड सोलल्यासारखं लाल झालं, तेव्हा पेंटर औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “पिंपल, डाग, काळेपणा, सगळ्यावर एकच. आठ दिवसांत आरसा.” डॉक्टरचा कागद त्याने मागितला नाही, पेंटरने दाखवला नाही.

आणि आठ दिवसांत खरंच आरसा झाला. लाली बसली, गाठी बसल्या, कातडी उजळली. चिमी आरशासमोर दहा दहा मिनिटं उभी राहायला लागली. पंच्याऐंशीव्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे कामावर गेली, आणि पेंटरने डेंटरला सांगितलं, “बायकोने सदतीस दिवस मलम चोपडलं. मी आठ दिवसांत गाडी बाहेर काढली.”

बोलून झाल्यावर त्याला कसंतरी झालं. पण बोलून झालं होतं.

त्याच आठवड्यात त्याने बायकोचा फोटो मोठा करायला दिला. फोटो शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. बावीस वर्षांच्या संसारात तिचे फोटो बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात कुठे ती पाठमोरी, कुठे चिमीच्या डोक्यामागे लपलेली, कुठे हात तोंडासमोर. समोरून काढलेला एकच सापडला, कारखान्यातल्या कुणीतरी टेबलापाशी अचानक काढलेला. खिडकीचा उजेड थेट गालावर. छापलेली ती एकच प्रत. स्टुडिओवाल्याने ती मशीनवर ठेवली, पडद्यावर चेहरा मोठा केला आणि विचारलं, “गाल साफ करू का?”

“कर,” पेंटर म्हणाला. “एकही खड्डा दिसता कामा नये.”

स्टुडिओवाल्याचं काम झकास होतं. पेंटरला काम कळतं. फ्रेम त्याने समोरच्या खोलीत टांगली, जिथे ट्यूबलाइट पडते. चिमी कामावरून आली, चपला काढता काढता थांबली.

“कसा आलाय?”

“बरा आहे,” ती म्हणाली आणि आत गेली.

कामाच्या तिसऱ्या आठवड्यात ट्यूब संपली. पेंटर म्हणाला, आता कशाला, पॉलिश झालं, आता गाडी चालवायची. चार दिवसांनी चिमीच्या तोंडाची आग व्हायला लागली. सहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा दुप्पट फोड उठले, पिवळ्या तोंडाचे, एकाला एक लागून. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. उन्हात गेलं की चेहरा पेटायचा. दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाने काडी सारखी करून घेताना मान मागे घेतली आणि मालकाला विचारलं, “याची लागण तर होत नाही ना?” मालक वाईट माणूस नव्हता. तो चिमीला म्हणाला, “थोडे दिवस आत बस. डब्या पुस, माल लाव. बरं वाटलं की ये बाहेर.”

आतल्या खोलीला खिडकी नव्हती.

पेंटर तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. रिकामी ट्यूब त्याने खिशात नेली होती. बाईंनी ती उलटून नाव वाचलं.

“हे कुणी दिलं?”

“मीच,” पेंटर म्हणाला. “मेडिकलमधून.”

“किती दिवस?”

“एक महिना. फरक पडला होता, बाई. एकदम साफ झालं होतं.”

“पडणारच. यात स्टेरॉइड आहे. वरून सगळं दाबून टाकतं आणि आतून कातडी पातळ करतं. थांबवलं की दाबलेलं सगळं व्याजासकट वर येतं. मी लिहून दिलेलं का थांबवलंत? सदतीस दिवस झाले होते म्हणता. पुढच्या महिन्याभरात फरक दिसायला लागला असता.” मग त्यांनी मान वर केली. “हिची आई नाही आली? सगळं त्या बघायच्या ना?”

चिमीने जमिनीकडे बघितलं. पेंटरने सांगितलं. बाईंनी ट्यूब टेबलावर ठेवली. मग त्यांचा आवाज खाली आला, पण बोलणं तेच राहिलं. महिनाभर आधी कातडीला विसावा द्यायचा, नुसता साबण आणि साधं क्रीम, सोबत एक गोळी. मग मलम पुन्हा पहिल्यापासून. “आणि हे दोन,” चिमीच्या डाव्या गालाजवळ बोट नेत त्या म्हणाल्या, पण बोट लावलं नाही, “हे खोल गेलेत. घासल्यामुळे, नखांमुळे. इथे खड्डा राहील बहुतेक.”

“भरता नाही येत?” पेंटरने विचारलं.

“काय करता आपण?”

“गाड्या रंगवतो.”

“मग असं समजा, इथे पुट्टी नसते.”

घरी आल्यावर पेंटर पाणी प्यायला, फ्रेमखालच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मी तुझ्या भल्यासाठीच केलं.”

“माहीत आहे.”

“तुझी आई असती तर—”

“आई वरून बघतेय ना तुमच्याकडे,” चिमी म्हणाली. “बघा की. ही कोण आहे, बाबा?”

पेंटरने वर बघितलं.

“सांगा ना, कोण आहे ही? शेजारची काकू आली होती परवा. म्हणाली, तुझी मावशी का? मी हो म्हणाले. काय सांगणार?”

“वाईट दिसू नये म्हणून केलं, चिमे.”

“वाईट कुणाला दिसत होतं? आई म्हणायची, तुझा बाप वाईट नाही, त्याला गुळगुळीत आवडतं, धंदाच तसला. मलम लावताना सांगितलं होतं तिने मला. तुम्ही पहिल्यांदा तिच्या घरी गेला होतात, लग्न ठरवायला. डेंटरकाका बरोबर होते. तुम्ही त्यांच्या कानात म्हणालात, ‘रस्ता खड्ड्यांचा आहे, पण गाडी बरी दिसतेय.’ आणि दोघं हसलात. आई दाराआड होती. पाण्याचे पेले घेऊन.”

पेंटरला काही आठवेना. मग आठवलं. पेलेसुद्धा आठवले. तिने ते आणून ठेवले तेव्हा एक थोडा सांडला होता आणि त्याने डेंटरला डोळा मारला होता.

“ती हसून सांगत होती,” चिमी म्हणाली. “म्हणाली, तेव्हापासून मी ट्यूबलाइटखाली बसत नाही बघ, सवयच झाली. तुम्हाला कधी दिसलं होतं ती कुठे बसते ते?”

ती जेवायला बसायची ती दाराकडे पाठ करून, उजेड मागे ठेवून. पेंटरला वाटायचं, तिला वाऱ्याची झुळूक लागते म्हणून. तो पंचवीस-तीस पावलांवरून दुसऱ्याच्या गाडीचा रंग कुठे जुळला नाही ते ओळखायचा.

“एकदा तरी तुम्ही तिला म्हणायचं होतं काहीतरी,” चिमी म्हणाली. तिला रडायचं होतं, पण खारट पाण्याने तोंडाची आग होते म्हणून तिने डोळे मिटून घेतले आणि तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात पेंटरने डेंटरला विचारलं, “लग्न ठरवायला गेलो होतो, तेव्हा मी काही बोललो होतो का रे?”

डेंटर हातोडी टेकून हसला. “बोललास की! रस्ता खड्ड्यांचा. काय हसलो होतो आपण. मी अजून सांगतो लोकांना.”

“तिने ऐकलं होतं.”

डेंटर थांबला. हातोडी या हातातून त्या हातात घेतली. “मी तिच्या हातचं बावीस वर्षं जेवलो,” तो म्हणाला. “कधी बोलली नाही.” मग वळला आणि एका बॉनेटवर इतक्या जोरात ठोकायला लागला की मालक बाहेर येऊन बघून गेला.

संध्याकाळी पेंटर स्टुडिओत गेला. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेली होती.

“हे सगळं परत करायचंय,” तो म्हणाला. “होते तसे खड्डे पाहिजेत.”

स्टुडिओवाल्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याने संगणकात शोधलं. साफ केलेला फोटो त्याने जुन्या प्रतीवरच सेव्ह केला होता; नेहमीचंच काम, मागे कोण ठेवतो? तिथेच राहिलेला छापील मूळ फोटो मागितल्यावर त्याने दोन खण उपसले. गिऱ्हाईक महिना महिना न्यायला येत नाही म्हणून मागच्याच आठवड्यात साफसफाई केली होती.

“दुसरा एखादा आहे का फोटो?”

पेंटरने कारखान्याचं ओळखपत्र काढलं. नखाएवढा चेहरा, धुरकट.

“यात काही दिसत नाही,” स्टुडिओवाला म्हणाला. “तुम्ही सांगा, मी काढतो. कुठे कुठे होते? डावीकडे किती, उजवीकडे किती? खोल होते की उथळ?”

पेंटर स्टुलावर बसला. त्याने डोळे मिटले आणि तळवा थोडा पुढे केला, पत्र्यावर धरतो तसा. उजवीकडे एक होता, हसली की दिसणारा. की डावीकडे? कानाजवळ तीन की चार? गालावर हात नेला की ती मान वळवायची, आणि तो समजायचा लाजते. पुढे त्याने हात नेणंच सोडलं.

“सांगा,” स्टुडिओवाला म्हणाला.

“मी आठवून येतो,” पेंटर म्हणाला आणि फ्रेम काखेत घेऊन घरी आला.

विसाव्याचा महिना संपला तशी चिमीने मलम पुन्हा सुरू केलं. ते ती स्वतःच लावते, दार लावून. बापाला आत घेत नाही. झालं की आतून सांगते, “बाबा, झालं,” आणि बाजूला होते. पेंटर जातो, कपाटाचं दार उघडतो आणि पेन्सिलीने रेघ ओढतो. जुन्या सदतीस रेघा त्याने खोडलेल्या नाहीत. नव्या त्यांच्याखाली आहेत. त्याच्या रेघा जाड येतात.

आत्ताशी चार झाल्या आहेत. ऐंशी राहिल्या. चिमी अजून दुकानाच्या आतल्या खोलीत डब्या पुसते. फ्रेम भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवली आहे, आणि स्टुडिओवाल्याला काय सांगायचं ते पेंटरला अजून आठवलेलं नाही.